साठ फुटांची तडजोड

पाण्याखालून वर येताना मिनिटाला किती फूट यावं, या प्रश्नावर 1950च्या दशकात अमेरिकन नौदलात दोन तट पडले होते. एका बाजूला जुन्या परंपरेतले पाणबुडे: डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण, अंगात जाडजूड पोशाख, पायांत शिशाचे बूट. ते दोराच्या आधारानं खाली जात आणि वरचे सहकारी त्यांना मिनिटाला 25 फुटांच्या सावकाश चालीनं वर घेत. दुसऱ्या बाजूला पाठीवर हवेची टाकी आणि पायांत फिन घालून माशासारखे मोकळे पोहणारे नव्या दमाचे नौसैनिक. त्यांचे कमांडर फ्रान्सिस डग्लस फेन यांना आपली माणसं मिनिटाला 100 फूट, जमल्यास त्याहूनही झपाट्यानं वर यायला हवी होती. शिरस्त्राणवाल्यांना तो वेग अशक्यच होता आणि मोकळ्या पोहणाऱ्यांना 25 फुटांची चाल म्हणजे जाच. चर्चा झाली आणि मधला आकडा ठरला: मिनिटाला 60 फूट. म्हणजे सेकंदाला एक फूट. हिशोबाला सोपा, दोघांनाही चालेल असा.

हा आकडा कोणत्याही प्रयोगातून निघालेला नव्हता. तरी तो नौदलाच्या नव्या तक्त्यांत छापला गेला, तिथून हौशी स्कुबा डायव्हिंगच्या पाठ्यपुस्तकांत उतरला आणि मेट्रिक देशांत 'मिनिटाला 18 मीटर' असा पाठ झाला. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या प्रशिक्षकांनी तो शास्त्रवचनासारखा शिकवला. त्यामागची हकिकत 1989 साली अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या एका परिषदेत उघड्यावर सांगितली गेली. सांगणारे होते डॉ. एडवर्ड लॅनफियर. पन्नाशीच्या दशकात ते नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रात काम करत होते.

आज डायव्हरच्या मनगटावरचा छोटा कॉम्प्युटर याच प्रश्नाचं उत्तर दर काही सेकंदांनी नव्यानं देतो. त्या उत्तरापर्यंतचा रस्ता पुलांचे पाये, प्रयोगशाळेतल्या शेळ्या आणि स्वित्झर्लंडमधली डोंगरातली तळी असा फिरून आला आहे.

झटपट वर येण्यानं होणाऱ्या रोगाची ओळख समुद्रात झाली नाही, ती नदीच्या गाळात झाली. 1841च्या सुमारास फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी ट्रिजे नावाच्या अभियंत्यानं ओल्या जमिनीतून कोळशापर्यंत पोचण्यासाठी लोखंडी नळकांड्यात दाबाची हवा भरली आणि पाणी बाहेर ढकललं. खाणकामगार कोरड्या जागी काम करू लागले, पण बाहेर आल्यावर काहींचे सांधे दुखू लागले. आत असताना कुणाला काही होत नसे, त्रास व्हायचा तो बाहेर आल्यावर. पुढे हेच तंत्र मोठमोठ्या पुलांचे पाये घालायला वापरलं गेलं. तळ नसलेली अवाढव्य पेटी, म्हणजे केसॉन, नदीच्या तळावर उतरवायची, तिच्यात दाबाची हवा भरायची आणि मजुरांनी आत उतरून गाळ उपसायचा.

1870 साली अमेरिकेत सेंट लुईस इथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्सचा पूल उभा राहत होता. पेटी 90 फुटांच्या पलीकडे गेली तशी माणसं लुळी पडू लागली, मरू लागली. डझनाहून अधिक मजूर या एका पुलावर दगावले. त्यांची तपासणी करायला नेमलेले डॉ. अल्फोन्स जॅमिने एकदा स्वतःच खाली गेले. 95 फुटांवर पावणेतीन तास थांबले आणि साडेतीन मिनिटांत बाहेर आले. घरी पोचल्यावर त्यांचे हातपाय हलेनात. सुदैवानं ते बरे झाले. ब्रुकलिनच्या पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग तितके सुदैवी नव्हते. 1872 साली याच रोगानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. पुढची अकरा वर्षं त्यांची पत्नी एमिली निरोप, आराखडे आणि सूचना घेऊन कामावर जात राहिली. 24 मे 1883 रोजी पूल खुला झाला तेव्हा त्याच्या बांधणीचा निम्मा कारभार तिनं पाहिलेला होता. दुखऱ्या सांध्यांमुळे वाकून चालणाऱ्या मजुरांवरून या रोगाला 'बेंड्स' म्हणू लागले आणि तेच नाव डायव्हरांच्या तोंडी टिकलं.

कारण सापडलं ते पॅरिसमध्ये. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञानं 1878 साली हवेच्या दाबावरचा आपला जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो, दाब झटकन उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि ते बुडबुडे रक्तवाहिन्या आणि मज्जासंस्थेत अडकतात, हे त्यानं प्राण्यांवरच्या प्रयोगांनी दाखवलं. त्याचा उपायही साधा होता: दाब हळूहळू, एकसारख्या गतीनं उतरवा.

किती हळू, हे मात्र बेरनं सांगितलं नाही. ते काम ब्रिटिश नौदलानं जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्याकडे दिलं. खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारे हे स्कॉटिश शास्त्रज्ञ 1905च्या सुमारास पाणबुड्यांच्या प्रश्नाकडे वळले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी दाबकक्ष होता आणि त्यात कोंडायला शेळ्या. शेळी अशासाठी, की तिचा आकार माणसाच्या त्यातल्या त्यात जवळ जातो आणि दुखू लागलं की ती पाय उचलून धरते. डॉक्टरला विचारावं लागत नाही. हॉल्डेन यांच्या लक्षात आलं, की दुप्पट दाबात शेळी कितीही वेळ ठेवली आणि एकदम नेहमीच्या दाबात आणली तरी तिला काही होत नाही. मग चौपट दाबावरून दुपटीवर, सहापटीवरून तिपटीवर येणंही तितकंच निर्धोक असायला हवं. अर्धा दाब पटकन उतरवा आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं थांबत वर या, असा नियम त्यांनी मांडला.

इथे त्यांनी बेरचा सल्ला जवळजवळ उलटा केला. एकसारख्या संथ गतीनं वर येण्यात दोन्हीकडून तोटा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खोलवर उगाच वेळ जातो आणि तेवढ्या वेळात शरीर आणखी नायट्रोजन शोषून घेतं. पृष्ठभागाजवळ मात्र, जिथे खरी सावधगिरी हवी, तिथे तीच गती फार ठरते. सावकाशपणाइतकाच तो कुठे पाळायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हा मुद्दा पुढे बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेला.

शरीर म्हणजे एकच पिशवी नाही, हेही हॉल्डेन यांनी हिशोबात घेतलं. पंचा आणि गोधडी एकाच बादलीत बुडवली तर पंचा लगेच भिजतो आणि लगेच वाळतो. गोधडी भिजायला वेळ लागतो आणि वाळायला दिवस. रक्ताचा भरपूर पुरवठा असलेले भाग पंच्यासारखे, तर चरबी, सांधे, कूर्चा हे गोधडीसारखे. त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक गट पाडले. अर्धे भरायला 5 मिनिटं लागणाऱ्या गटापासून 75 मिनिटं लागणाऱ्या गटापर्यंत. आज जगातला बहुतेक प्रत्येक डायव्ह कॉम्प्युटर याच कल्पनेवर चालतो. गट वाढले, आकडे बदलले, पण सांगाडा हॉल्डेन यांचाच.

1906च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे गायबन डॅमंट आणि अँड्र्यू कॅटो या पद्धतीनं 210 फुटांपर्यंत जाऊन सुखरूप वर आले. त्याच मोहिमेत हॉल्डेन यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवलं. पोशाख मोठ्या माणसाचा, त्यामुळे मनगटापाशी पाणी आत शिरू लागलं, पण पोरगा डगमगला नाही. हा मुलगा म्हणजे पुढचे जे.बी.एस. हॉल्डेन. आनुवंशिकीतले थोर शास्त्रज्ञ झाल्यावर 1957 साली ते भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं, भारतीय नागरिकत्व घेतलं आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनीही दाबकक्षात स्वतःवर प्रयोग करून घेतले होते. बापाचा तो वारसा त्यांनी चांगलाच चालवला.

थोरल्या हॉल्डेन यांचा सहकारी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह लिहिलेला निबंध 1908 साली छापून आला. त्यांच्या तक्त्यांत थांब्यांच्या दरम्यानचा वेग मिनिटाला 5 ते 30 फूट होता. अमेरिकन नौदलानं पुढे 25 फूट धरला. मग फेन आणि त्यांचे मोकळे पोहणारे आले, आणि 60 फूट ठरले.

हा आकडा हौशी लोकांच्या हाती कसा आला, त्याची गोष्ट 1943 साली फ्रान्समध्ये सुरू होते. झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी श्वासागणिक हवी तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर बनवला. युद्ध संपलं आणि पाण्याखाली जाणं ही चैन झाली. ब्रिटनमध्ये 1953 साली ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब निघाला, अमेरिकेत 1966 साली पॅडी ही प्रशिक्षण संस्था. या सगळ्यांना तयार तक्ते हवे होते आणि तयार तक्ते नौदलांकडेच होते. अमेरिकन तक्त्यात 60 फुटांवर 60 मिनिटं, 100 फुटांवर 25 मिनिटं, 130 फुटांवर फक्त 10 मिनिटं राहून थांब्याशिवाय वर येता येई. तक्ता तरुण, तगड्या नौसैनिकांसाठी बनवलेला होता. त्यांच्या बोटीवर किंवा जवळच दाबकक्ष सज्ज असे. सुटीत डायव्हिंग करणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाकडे ना तो दम, ना तो कक्ष.

वेग मोजण्याचं साधन तर त्याहून तुटपुंजं होतं. एका मनगटावर घड्याळ, दुसऱ्यावर खोलीमापक, आणि मनात भागाकार. म्हणून प्रशिक्षक एक सोपी खूण सांगत: आपण सोडलेल्या सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. खूण ठोकळ होती, पण अनेकांचा जीव तिनं वाचवला.

त्या खुणेमागे नायट्रोजनखेरीज आणखी एक धोका आहे. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, 20 मीटरवर तिप्पट, 10 मीटरवर दुप्पट. तीसवरून वीसवर येताना छातीतली हवा तिसऱ्या हिश्शानं फुगते. शेवटच्या दहा मीटरमध्ये ती थेट दुप्पट होते. त्या वेळी कुणी घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरू शकते आणि मेंदूपर्यंत जाऊ शकते. सव्वा मीटरच्या खोलीवरून श्वास रोखून वर येणंही यासाठी पुरतं. म्हणून स्कुबातला पहिला नियम 'श्वास रोखायचा नाही' हा आहे. वेगाचा नियम त्याच्यानंतर येतो.

भागाकार यंत्राकडे सोपवण्याची कल्पना तशी जुनी. 1953 साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे गॉर्डन ग्रोव्हज आणि वॉल्टर मंक यांनी पाणबुड्यानं सोबत बाळगायच्या अशा यंत्राचा आराखडा लिहून काढला. तोवर पाणबुडा काय करतो ते वरचा माणूस घड्याळ लावून पाही. मोकळ्या पोहणाऱ्याच्या डोक्यावर असा पहारेकरी नव्हता. दोन वर्षांनी फॉक्सबोरो कंपनीनं हवेच्या दाबावर चालणारं यंत्र बनवलं, पण नौदलाच्या चाचणीत ते भरवशाचं ठरलं नाही.

बाजारात खपलं ते इटलीतलं. 1959 साली आलेला एसओएस डिकम्प्रेशन मीटर ही कार्लो अलिनारी यांची रचना. त्यात ना बॅटरी, ना तारा. एका लवचिक पिशवीत वायू, मध्ये सच्छिद्र चिनीमातीचा तुकडा, पलीकडे बंद कप्पा. खोल गेलं की पाणी पिशवी दाबतं आणि वायू हळूहळू चिनीमातीतून झिरपत कप्प्यात जातो. वर आलं की तितक्याच हळू परततो. कप्प्यातल्या दाबाचा काटा तबकडीवर फिरतो. तो लाल पट्ट्यात असेपर्यंत वर यायचं नाही, थांबायचं. शरीरातल्या नायट्रोजनची ही सरळसोट नक्कल होती आणि कल्पना म्हणून सुरेखच. अडचण अशी, की ती एकाच गटाची नक्कल होती. शिवाय एक मीटर दुसऱ्याशी जुळेलच असं नव्हतं. अमेरिकेत 1963 पासून स्कुबाप्रोनं तो विकला, लोकांनी तो आवडीनं बांधला आणि कुजकटपणानं त्याचं नाव 'बेंडोमॅटिक' ठेवलं.

1970च्या दशकात एक नवं साधन हाती आलं आणि तक्त्यांवरचा विश्वास हलला. डॉपलर ध्वनिलहरी हृदयाजवळ लावल्या की रक्तातून जाणारे बुडबुडे ऐकू येतात. मेरिल स्पेन्सर यांनी ते ऐकले, आणि नौदलाच्या मर्यादा पाळून, कसलाही त्रास न होता वर आलेल्या डायव्हरांच्या रक्तातही बुडबुडे निघाले. म्हणजे आजार नाही याचा अर्थ बुडबुडे नाहीत असा होत नव्हता. 1976 साली स्पेन्सर यांनी नौदलाहून कमी मर्यादा सुचवल्या. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर अँड्र्यू पिल्मॅनिस यांनी 100 फुटांवर 25 मिनिटं राहून आलेल्या डायव्हरांची तुलना केली. थेट वर आलेल्यांच्या रक्तात बुडबुड्यांचा चांगलाच आवाज होता. 10 फुटांवर नुसती दोन मिनिटं थांबलेल्यांत तो कितीतरी पटींनी घटला.

आज प्रत्येक नवशिक्याला शिकवला जाणारा 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा 'सेफ्टी स्टॉप' या प्रयोगांतून आला. ज्या मर्यादांत थांबायची गरज नाही असं तक्ता सांगत होता, त्याच मर्यादांत थांबण्याचा हा रिवाज आहे. मायक्रोप्रोसेसर येण्यापूर्वी डायव्हिंगमधली सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

मायक्रोप्रोसेसर 1983 साली पाण्यात उतरला, तोही दोन दारांनी. अमेरिकेत क्रेग बार्शिंगर, कार्ल हगिन्स आणि जिम फुल्टन यांच्या ऑर्का कंपनीनं 'एज' आणला. त्याच्या पडद्यावर मर्यादेची वक्र रेषा होती आणि शेजारी शेजारी बारा स्तंभ. प्रत्येक स्तंभ म्हणजे हॉल्डेनच्या धर्तीवरचा एक गट, खोली आणि वेळेनुसार भरणारा नि ओसरणारा. मर्यादांचे आकडे स्पेन्सर यांच्या डॉपलर अभ्यासावर बेतलेले. त्याच वर्षी युरोपात 'हान्स हास डेकोब्रेन' आला. समुद्राखालच्या चित्रपटांमुळे घराघरांत पोचलेल्या ऑस्ट्रियन डायव्हरचं नाव लावलेलं हे यंत्र सुरुवातीला साठवलेले तक्तेच वाचून दाखवी. पुढच्या आवृत्तीत ते स्वतः हिशोब करू लागलं, झुरिकचे डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांच्या पद्धतीनं.

ब्यूलमान हे या गोष्टीतलं ठसठशीत पात्र. त्यांच्या देशाला समुद्र नाही, पण तळी आहेत आणि ती डोंगरात, उंचावर आहेत. तिथे पृष्ठभागावरच हवेचा दाब कमी, त्यामुळे समुद्रासाठी बनवलेला तक्ता वापरला तर धोका. म्हणून त्यांनी उंचीसकट हिशोब मांडायला सुरुवात केली. 1962 साली त्यांच्या वायुमिश्रणांवर भिस्त ठेवून डायव्हर हॅनेस केलर कॅलिफोर्नियाजवळ 1000 फुटांवर पोचला. केलर वाचला, त्याचा साथीदार पत्रकार पीटर स्मॉल आणि मदतीला गेलेला तरुण डायव्हर ख्रिस्तोफर व्हिटकर मात्र गेले. ब्यूलमान यांनी त्यापुढे दोन दशकं काम केलं आणि 1983 साली आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. सोळा गट, त्यांचे आकडे, सगळं उघड छापलेलं. नौदलांच्या कपाटात कुलूपबंद असणारी माहिती कुणाही अभियंत्याला पुस्तकाच्या किमतीत मिळाली. 1987 साली स्वित्झर्लंडच्या उवाटेकचा अलादिन आला, त्याच वर्षी होकायंत्रं बनवणाऱ्या फिनलंडच्या सुंतोचा पहिला डायव्ह कॉम्प्युटरही. पुढे बाजारात आलेल्या असंख्य यंत्रांच्या पोटात ब्यूलमान यांचंच गणित आहे.

डायव्हरांना या यंत्रांची भुरळ पडली ती अधिक वेळ मिळतो म्हणून. तक्ता कठोर असतो: तीस मीटरवर पाच मिनिटं आणि बाकी अर्धा तास दहा मीटरवर घालवला, तरी तो सगळा वेळ तीस मीटरवरच मोजतो. कॉम्प्युटर खरी खोली क्षणोक्षणी मोजतो, म्हणून वर सरकत गेलं की वेळ वाढवून देतो. जुन्या प्रशिक्षकांना हीच भीती वाटली. यंत्र जास्त वेळ देईल, माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत तो वापरेल आणि विचार करणं सोडून देईल.

वैज्ञानिक डायव्हरांच्या अमेरिकन संघटनेनं 1988 साली कॅटालिना बेटावर यासाठी खास परिषद भरवली. तिथे ठरलेल्या गोष्टी आजही लागू आहेत. प्रत्येकानं स्वतःचा कॉम्प्युटर बांधायचा, दोघांत एक चालणार नाही. जोडीतल्या दोन यंत्रांपैकी जे जास्त सावध असेल त्याचं ऐकायचं. यंत्र बंद पडलं तर डायव्ह तिथेच संपवायची. दुसऱ्या वर्षी वुड्स होलला विषय होता वर येण्याचा वेग, आणि लॅनफियर यांनी 60 फुटांची ती हकिकत तिथेच सांगितली. परिषदेनं 60 फूट ही कमाल मर्यादा मानली आणि त्याखेरीज 10 ते 30 फुटांच्या पट्ट्यात तीन ते पाच मिनिटं थांबायला सांगितलं.

त्यानंतर वेग घसरतच गेला. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबच्या 1988च्या तक्त्यांनी 6 मीटरपर्यंत मिनिटाला 15 मीटर आणि तिथून पृष्ठभागापर्यंत पूर्ण एक मिनिट असा हिशोब घातला होता. ज्या अमेरिकन नौदलात 60 फुटांची तडजोड झाली, त्यानंच 1993 साली आपल्या नियमावलीत तो वेग निम्म्यावर, 30 फुटांवर आणला. आज बहुतेक कॉम्प्युटर मिनिटाला 9 ते 10 मीटर धरतात. काहींत तो खोलीनुसार बदलतो: तळाशी 20 मीटरपर्यंत चालतो, पृष्ठभागाजवळ 7 मीटरवर येतो. मर्यादा ओलांडली की पडद्यावरची पट्टी भरत जाते आणि यंत्र पिकपिक करू लागतं. आणि गंमत अशी, की अमेरिकन नौदलाच्या खास पथकांना मनगटी कॉम्प्युटर वापरून डायव्ह करायची मुभा 2001च्या सुमारास मिळाली. तोवर सुटीवरचे पर्यटक तो दीड दशकं वापरत होते.

मधल्या काळात एक उलटा वाराही वाहून गेला. हवाईतले मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाइल खूप खोलवरून मासे पकडून आणत. वर आणताना माशांचा वाताशय फुगून ते मरत, म्हणून पाइल मधेच बऱ्याच खोलीवर थांबून सुईनं ती हवा काढून देत. त्यांच्या ध्यानात आलं, की मासे मिळालेल्या दिवशी आपल्याला थकवा कमी येतो. थांबा माशांसाठी होता, फायदा मात्र त्यांना स्वतःला झाला, असं वाटलं. यातून 'डीप स्टॉप'ची लाट आली. तिला बुडबुड्यांच्या नव्या सिद्धांतांची जोड मिळाली आणि कॉम्प्युटरांतही ती पद्धत शिरली. 2011 साली अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक केंद्रानं तिची कसोटी घेतल्याचा अहवाल दिला: 170 फुटांवर 30 मिनिटं, आणि वर येताना दोन्ही गटांना एकूण 174 मिनिटांचेच थांबे. एका गटाचे थांबे उथळ, दुसऱ्याचे खोल. खोल थांबणाऱ्यांत आजाराचं प्रमाण तिपटीहून अधिक निघालं. खोलवर रेंगाळताना गोधडी भिजतच राहिली होती. हॉल्डेन यांनी शंभर वर्षांपूर्वी बेरच्या सल्ल्यात काढलेली खोट पुन्हा एकदा, वेगळ्या वेषात, समोर आली.

कॉम्प्युटरला माहीत असतं ते इतकंच: दाब, वेळ आणि तापमान, फार तर टाकीतली हवा. आदल्या रात्रीचं जागरण, शरीरातलं पाणी कमी असणं, वय, चरबी, प्रवाहाशी झालेली झटापट, यांतलं काहीच त्याला दिसत नाही. तो डायव्हरच्या शरीरातला नायट्रोजन मोजत नाही, एका काल्पनिक शरीरातला मोजतो. युरोपातलं ईएन 13319 हे मानक अशा उपकरणांची खोली आणि वेळ बरोबर आहे का ते तपासतं. नायट्रोजनच्या हिशोबाचा भाग त्यात मुद्दाम वगळलेला आहे. म्हणून एकाच बोटीवरच्या दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर एकाच डायव्हनंतर वेगवेगळी मिनिटं दाखवतात आणि दोघांनाही खोटं म्हणता येत नाही.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी संबंध आता चांगलाच जवळचा आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत आणि तारकर्लीला पर्यटक रोज पाण्याखाली उतरतात. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही तारकर्लीला आहे. गोव्यात ग्रँड आयलंडची डायव्हिंग प्रसिद्ध आहे. प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाणाऱ्या पाहुण्याला नायट्रोजनची चिंता नसते. त्याला धोका असतो तो श्वास रोखण्याचा, आणि उथळ पाणी त्या बाबतीत मुळीच दयाळू नाही. नायट्रोजनची चिंता असते ती दिवसभर एकामागून एक पाहुणा घेऊन वर-खाली करणाऱ्या प्रशिक्षकाला, आणि परवाना काढून अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवला दिवसातून तीन-चार डायव्ह करणाऱ्या मराठी हौशींना.

या हौशींसाठी ब्यूलमान यांची डोंगरातली तळी थेट कामाची आहेत. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कनं विमानप्रवासाबाबत दिलेला सल्ला असा: एकच डायव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक डायव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास थांबावं. हा सल्ला 600 ते 2400 मीटर उंचीइतक्या हवेच्या दाबासाठी आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे. म्हणजे किनाऱ्यावर दोन दिवस खोल डायव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी निघणारा माणूस, विमानात न बसताही, त्याच हिशोबात येतो. शेवटची डायव्ह सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'नो फ्लाय'ची खूण दिसते तोवर गाडीही घाटापासून लांबच ठेवलेली बरी.